तळ्याकाठच्या गढीचं कुलूप: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

यंदा आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, आमच्या तळ्याकाठच्या गढीला कुलूप होतं. माहेरी आलेल्या लेकीबाळी झोक्याचे दोर घेऊन दरवाजात ताटकळल्या. पहारेकरी म्हणाला, इमारत धोकादायक आहे, वरून आदेश आहे. माझी आई सत्तरीची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं याच चौकात गौराईची गाणी म्हटली. ती पायरीवर बसून रडली. मी तिला काय सांगायचं होतं?

गढी धोकादायक आहे, मान्य. पण ती होऊ कुणी दिली? "दुरुस्ती मंजूर झाली" हे इथल्याच ओट्यावर हारतुरे घेऊन तुमच्या सरकारची माणसं सांगून गेली. त्यानंतर आला तो फक्त फलक. माळवदाच्या सपाट छपराची माती पावसात वाहून गेली, पाणी थेट सागाच्या तुळईत मुरलं, कडीपाटाला वाळवी लागली. जिथं डफावर रात्र-रात्र वहीगायन हे आमचं लोकगायन रंगायचं, तिथं आज उकिरडा आहे.

विचारायचं कुणाला? तळं पाटबंधारेचं, जागा महसूलची, भिंती पुरातत्त्वच्या. मी शाळेतून रजा टाकून चकरा मारल्या, पगार कापून घेतला, भर उन्हात व्हरांड्यात बसून राहिलो. उपाशीपोटी साखर उतरून चक्कर आली, तेव्हा पाणी दिलं चहावाल्यानं. साहेबांचं उत्तर एकच: फाईल नाशिकला आहे.

स्मारकांचा कायदा राज्यानं १९६० सालीच केला. साडेतीनशेच्या वर स्मारकं राज्य संरक्षित आहेत म्हणता, त्यात खानदेशाच्या वाट्याला किती आली? फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं साहित्य संमेलन भरलं. बालकवी आमच्या धरणगावचे, बहिणाबाई आसोद्याच्या, हे मंचावर सगळ्यांना आठवतं. मंडप उतरला की खानदेश नकाशावरूनच उतरतो. केळी आमची हवी, कापूस हवा, मतं हवीत. आमच्या बायकांच्या गाण्याला मात्र तुम्हाला छप्पर देता येत नाही? हा राग एकट्या तुमच्यावर नाही, आजवर खुर्चीत बसलेल्या प्रत्येकावर आहे.

श्रावणात आमची कानबाई देवी येते. त्याआधी माळवदावर ताडपत्री टाका, तुळईला टेकू द्या, चौक उघडा. दुरुस्ती कधी सुरू होणार, ती तारीख सहीनिशी ग्रामपंचायतीला कळवा. "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" असं पत्र पाठवू नका. तसली पत्रं माझ्याकडे आहेत.

आपला,
खानदेशातला एक शिक्षक