साडेतीन बोटं

प्रिय वैजू,

७ महिने झाले. तुझं नाव स्क्रीनवर आणायचं आणि मग उगाच दुसऱ्याच कुणाला तरी फोन लावायचा, असं चार-पाचदा केलं. आता लिहितेय, कारण लिहिताना तू मध्ये बोलत नाहीस. माझी तब्येत बरी, सुधीरचं बीपी आटोक्यात, पोरं उंच झाली. झालं.

तर, मी टमी टक करून घेतेय, पोट सपाट करायचं ऑपरेशन. पुढच्या महिन्यात, १२ तारखेला.

हस. पोटभर हस. आणि हसून झालं की माझं ते भाषण आठव, तुझ्या दुसऱ्या खेपेनंतर तू हाच विषय काढला होतास तेव्हाचं. "शरीर म्हणजे काय पडदा आहे का, मापात शिवून घ्यायला?" वाक्य माझंच. तू विषय सोडून दिलास आणि दीड महिना माझ्याशी बोलली नाहीस. मी तो अबोला आजवर चपलांच्या भांडणाच्या खात्यावर टाकत आले. चपलांमुळे नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. (चपला मात्र तूच नेल्या होत्यास.)

झालं असं, की पाठ धरायला लागली म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेले. ती म्हणाली, पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, नुसती मान उचला. उचलली, तर पोटाच्या मधोमध एक उभा उंचवटा वर आला, उपडी घातलेली होडी जशी. तिने बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवून दाबली, ती आत गेली. "साडेतीन," म्हणाली. शहाणे साडेतीन असतात हे ऐकलं होतं, माझ्या पोटात साडेतीन बोटांची फट आहे हे तेव्हा कळलं. पोटावर दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना जोडणारी एक पट्टी. गरोदरपणात ती ताणली जाते, बऱ्याचजणींची नंतर आवळत येते, माझी जुळ्यांनी ताणलेली तशीच राहिली. साधारण २ बोटांपेक्षा जास्त अंतर असलं की तो दोष धरतात. वैजू, १४ वर्षं मी त्याला आळस म्हणत होते! भात सोडला, पोळी सोडली, माणसात बसून जेवणं सोडलं.

मग ६ महिने तिने शिकवलेले व्यायाम इमानदारीत केले. फट साडेतीनची तीन झाली, आणि पाठ थांबली. खरंच थांबली. खरी गोची इथेच आहे. दुखणं गेलं, म्हणजे कारण गेलं. तरी मी सर्जनकडे गेले.

डॉक्टरबाई मोकळ्या आहेत. वजन उतरवायला आला असाल तर दार चुकलात, हे त्यांचं पहिलं वाक्य. आतड्यांभोवतीची चरबी या ऑपरेशनने हलत नाही, आणि नुसतं लायपोसक्शन केलं तर चरबी जाईल पण सैल कातडी तशीच लोंबेल. मग कागदावर काढून दाखवलं. ओटीपोटाच्या खाली, कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत छेद. तिथून कातडी बरगड्यांपर्यंत सुटी करून वर घ्यायची, मधले स्नायू टाक्यांनी जवळ आणायचे, कातडी खाली ओढायची, उरेल ती कापायची. बेंबी जागच्या जागी राहते, तिच्यासाठी ओढलेल्या कातडीत नवं भोक पाडतात. बेंबीला खरंच देठ असतो गं! आपण इतकी वर्षं त्या देठापासून ओरडतोय आणि मला वाटायचं ही नुसती म्हण आहे. सिझेरियनचा जुना व्रण कापलेल्या कातडीबरोबर जाईल बहुतेक. बदल्यात त्याच्या दुपटीहून लांब मिळेल, तो फिका पडायला वर्ष तरी लागेल आणि पुसला कधीच जाणार नाही. पुढे मूल हवंय का, असंही विचारलं, कारण पुन्हा पोट ताणलं तर सगळं फुकट. मी इतक्या जोरात "नाही" म्हटलं, की बाहेरच्या बाईने दार उघडून बघितलं.

आणि मग धोके. आत पाणी साचू शकतं, म्हणून बहुधा नळ्या ठेवतील. जखमेची कड काळी पडू शकते, सिगारेट ओढणाऱ्यांची जास्त. बेंबीखाली बधिरपणा, काही महिने किंवा कायमचा. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी उठून चालायचं. गुठळीचं त्यांनी दोनदा सांगितलं. मी तेव्हापासून रोज दोनशेदा ऐकतेय.

कारण बघ, हर्नियासाठी टेबलावर गेले आणि काही झालं, तर लोक हळहळतील. यात झालं तर? दोन पोरं घरी ठेवून पोट सपाट करायला गेली होती, म्हणतील. माईंना मी "स्नायू फाटलेत, शिवायचेत" एवढंच सांगितलंय. फाटलेले नाहीत, लांब गेलेत. पण "फाटलेत" म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं लोकांच्या, आणि "मला हवंय" म्हटलं की भुवया वर जातात. सुधीरसमोरसुद्धा मी त्या फटीच्या आडून बोलते. तो बिचारा "पाठीसाठी करतेय" असंच सगळ्यांना सांगतो आणि मी गप्प बसते.

पाठीसाठी नाही, वैजू. १४ वर्षं प्रत्येक फोटोत मी एका पोराला पुढे उभं केलंय, खांद्यावर हात ठेवून, लाडाने. आता ती पुढे उभी राहायला तयार नाहीत. एवढंच कारण आहे. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगायला लाज वाटायला हवी, कारण तुझंही एवढंच होतं आणि मी तुला ते पुरं बोलूसुद्धा दिलं नव्हतं.

तुझा तो विचार अजून आहे का? विचारायचा हक्क नाही मला, तरी विचारते.

बदलीचं काय झालं? काकांचा मोतीबिंदू काढला का? आणि धाकटीने खरंच केस कापले की फोटोत दिसतात तेवढेच?

पहिला आठवडा कमरेत वाकून चालायचं असतं, पोट ताणून सरळ उभं राहता येत नाही. ६ आठवडे पट्टा बांधायचा आणि जड काही उचलायचं नाही. सुधीर रजा काढतोय, पण मला उशीवर कसं टेकवायचं यासाठी तो आधी व्हिडिओ बघेल. तू येशील का, चार दिवस? नाही जमलं तर तसं कळव, रागावणार नाही. फक्त १२ च्या आधी कळव.

तुझी,
नीलू