मांडवीवरचे पूल

प्रिय विन्या,

डिसेंबरमध्ये तू आला होतास तेव्हा पर्वरीचा उतार उतरताना गाडीतच विचारलंस, अरे एकाला लागून एक तीन तीन पूल कशाला बांधलेत तुम्ही? मी ट्रॅफिकचं काहीतरी सांगून विषय मिटवला. मागे पोरांचा दंगा चालला होता आणि ही गोष्ट दोन मिनिटांत सांगण्यातली नव्हतीच. तू मोजलेस ते तीन, पण माझ्या हिशोबात तिथे चार पूल आहेत, आणि जो आता नाही त्याच्यावरूनच बाकीचे तीन मला कळतात, म्हणून आज रविवारी निवांत लिहायला बसलोय.

पहिला नेहरू पूल, १९७० च्या सुमाराचा. त्याआधी पणजीहून नदीपलीकडे बेतीला यायचं तर होडी नाहीतर फेरीबोट, दुसरा मार्गच नाही. आजी सांगायची की रात्री कुणी आजारी पडलं तर आधी होडीवाल्याला उठवायला माणूस पळायचा आणि मग डॉक्टरचं बघायचं. त्यामुळे पूल झाला तेव्हा लोकांना काय वाटलं असेल विचार कर. नदीतून खनिजाने भरलेल्या बार्जेस जातात म्हणून तो उंच बांधलेला, मी लहानपणी बसच्या खिडकीतून खाली बघायचो तर बार्ज काडेपेटीएवढी दिसायची.

५ जुलै १९८६, शनिवार. मी नुकताच पाचवीत गेलेलो. शेजारचे काका ओरडत आले की पूल पडला, आणि बाबा पायात चप्पल न घालताच बाहेर पडले, मी त्यांच्या मागे. पाऊस होताच. धक्क्यावर ही गर्दी, पण आवाज कुणाचाच नाही, सगळे छत्र्या धरून एकाच दिशेला बघत उभे. रस्ता निघाला होता पणजीच्या दिशेने आणि मधेच हवेत संपला होता, खाली जुलैची मांडवी, लाल गढूळ, काही झालंच नाही अशी वाहत होती. बाबांनी माझा हात एवढा घट्ट धरला होता की नंतर मनगटावर वळ दिसत होते. आदल्याच दिवशी संध्याकाळी ते त्याच पुलावरून ऑफिसातून घरी आले होते रे.

का पडला ते मला पुढे सिव्हिलचा डिप्लोमा करताना कळलं. तो प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा होता, म्हणजे काँक्रीटच्या आतून पोलादी केबल ताणून बसवलेल्या असतात आणि त्या ताणावर सगळा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग, उभा असतो. तू दहा-बारा पुस्तकं आडवी एका ओळीत दोन तळहातांमध्ये दाबून उचल, उचलली जातात, पण हात जरा सैल सोडलास की मधली पुस्तकं खाली. तसंच ते. आपल्याकडे खारी हवा, खारं पाणी, चार महिने पाऊस, आणि त्या केबल आतल्या आत गंजत गेल्या. वरून काँक्रीट धड दिसतं, गंज कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा पूल! लोखंडी ग्रिलला गंज चढला तर आपण लगेच रंग लावतो, इथे गंज पोटात होता. हे शिकलो त्या दिवशी मी घरी येऊन बाबांना वहीत चित्र काढून दाखवलं, ते बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसले.

मग पुन्हा फेरीबोट. माझं पाचवी ते दहावी अख्खं हायस्कूल फेरीत गेलं असं म्हटलं तरी चालेल. साखळ्यांचा खडखडाट करत पुढची फळी धक्क्यावर आपटायची, आधी स्कूटरवाले, मग मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, त्या पाट्यांतून गळणारं पाणी आमच्या दप्तरांवर, आणि बार्ज आली की फेरी नदीतच थांबायची, पहिला तास बुडाला की वर्गात सांगायचं, सर, बार्ज होती, आणि सर काही बोलायचे नाहीत कारण तेही कधीकधी त्याच फेरीत असायचे.

१९९२ ला नवा पूल सुरू झाला, मी दहावीतून सुटलो तेच वर्ष. बाबा आणि मी मुद्दाम चालत गेलो. पुलाच्या एका सांध्यापाशी बाबा थांबले, एक पाय अलीकडच्या गाळ्यावर आणि एक पलीकडच्या, आणि मागून ट्रक येईपर्यंत तसेच उभे. ट्रक गेला, खट खट वाजलं, मग म्हणाले चल. त्यानंतर १९९८ ला शेजारी दुसरा झाला, तेव्हापासून एकावरून जायचं आणि दुसऱ्यावरून यायचं.

तिसरा तो केबलवाला, अटल सेतू, दोघांच्या मधून वर उठलेला, तुझ्या पोरांनी फोटो काढले तो. जोडरस्ते धरून पाच किलोमीटरच्या वर आहे, फोंडा-मडगावकडे जाणाऱ्यांना पणजीत शिरायला लागू नये म्हणून. २७ जानेवारी २०१९ ला उद्घाटन झालं, पर्रीकर नाकात नळी घेऊन आले होते, आणि १७ मार्चला ते गेले. उद्घाटनाच्या दिवशी टीव्हीवर त्यांना बघून आई रडली होती, आणि मलाही काही सुचत नव्हतं. त्या पुलाच्या केबल बाहेरून डोळ्यांना दिसतात, मला ते बघून फार बरं वाटतं, आतली सगळी तपासणी वेगळीच असते हे माहीत असूनही.

आणि फेरीबोट अजून चालू आहे हे तुला सांगायचंच राहिलं. पणजी-बेती, माणसांना तिकीट नाही. बाबा रिटायर होईपर्यंत पावसाळ्यात फेरीनेच जायचे, तीन मिनिटांचा पूल सोडून, आणि आम्ही कुणी त्यांना कधी का म्हणून विचारलं नाही. पुढच्या वेळी गाडी आणू नकोस, बसने ये, माझी स्कूटर आहे. अटल सेतूवर दुचाकीला परवानगी नाही, तेव्हा आपण बेतीच्या धक्क्यावर जाऊ, संध्याकाळी सहाची फेरी घेऊ, पुढे फळीपाशी उभं राहिलं की तिन्ही पूल एकदम दिसतात, जुना कुठे होता तेही तिथूनच दाखवतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिल्या