हास्यक्लबच्या ताईंना, न हसण्याच्या परवानगीबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हास्यक्लब चालवणाऱ्या बाईंनी "हसू नका" असे सांगितले म्हणून त्यांचे जाहीर आभार मानणे काहींना विचित्र वाटेल; परंतु कचराळी तलावावर फिरायला येणाऱ्या मंडळींना त्यामागची हकीकत कळावी, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

पत्नीच्या निधनानंतर भेटायला येणारे, आणि रोज सकाळी न चुकता सुविचार पाठवणारे सगेसोयरेही, मला आनंदी राहण्याचाच उपदेश करत होते. त्याच हेतूने मुलाने आपल्या क्लबात माझे नाव घातले. टाळ्यांच्या तालावर "हो हो, हा हा हा" रंगात आले असताना माझ्या खिशातल्या मोबाइलवर सातच्या गोळीचा गजर वाजला. पत्नीला पार्किन्सन्स होता आणि गोळीची वेळ टळली की तिचे हातपाय आखडत, म्हणून असे गजर दिवसभर लावलेले असत. ती गेल्यावर ते बंद करण्याचे मला सुचलेच नव्हते. आपण मला बाकावर नेलेत आणि म्हणालात, "आज हसू नका. पण घरीही बसू नका, रोज इथे येऊन बसा."

त्या बाकावर जे बोललो, ते मी मुलापाशीही बोललो नव्हतो. ती गेल्याचे दुःख होतेच, पण आता रात्री-अपरात्री उठावे लागत नाही याचे हायसेही वाटत होते, आणि त्याचीच सर्वांत जास्त लाज वाटत होती. आपण दचकला नाहीत. "इतकी जागरणं केलेल्या माणसाला हायसं वाटणारच, आणि त्याच माणसाला रडूही येणार," एवढेच म्हणालात.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीतला दुःख आणि नैराश्य यांमधला फरकही आपणच समजावलात: जिवाभावाचे माणूस गेल्याचे दुःख निरोगी असते, ते हुसकून लावायचे नसते, "हे घडताच कामा नये होते, आता जगण्यात काही उरले नाही" असा हट्ट धरला, की नैराश्य येते. पुढे मानसशास्त्राच्या संशोधक आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांचा २०११ सालचा प्रयोग वाचनात आला. त्यात आनंदाची थोरवी सांगणारा मजकूर आधी वाचलेल्या स्त्रियांना आनंददायी चित्रफीत पाहून इतरांपेक्षा कमी आनंद झाला, कारण आपण पुरेसे आनंदी नाही ही खंतच आड आली. मला आलेल्या सुविचारांचे नेमके हेच झाले होते!

डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईत पाच जणांनिशी पहिला हास्यक्लब सुरू केला, तेव्हा आधी विनोद सांगत आणि ते संपल्यावर विनोदाविना हसण्याचा व्यायाम आला. या हसण्याला मन आनंदी असण्याची अट नाही हे उमगल्यावर मी वर्तुळात उभा राहू लागलो. तिच्या वाढदिवसाच्या आठवड्यात पुन्हा बाकावर बसलो, तेव्हा कोणी ओढून उठवले नाही, हे आपण लावलेल्या शिस्तीमुळेच.

जीभ बाहेर काढून करायचे ते सिंहहास्य मात्र माझ्याकडून होणार नाही. त्यातून कायमची सूट मिळावी, ही नम्र विनंती.

आपला कृतज्ञ,
क्लबचा एक सभासद
पाचपाखाडी, ठाणे