रद्दीत गेलेले खंड आणि तुमचा रविवारचा लेख

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला वाचनसंस्कृतीवरचा लेख वाचला आणि रात्री झोपेपर्यंत डोक्यातून गेला नाही, म्हणून आज सकाळीच लिहायला बसले. लेखकाचं म्हणणं नेहमीचंच, मोबाईल आला, रील्स आले, पोरं वाचत नाहीत, वाचनालयं ओस पडली. त्यांचा अनुभव तसा असेलही, मला त्यांच्याशी भांडायचं नाही. पण दर वेळी सगळं खापर वाचकाच्या डोक्यावर फोडायचं आणि वाचनालय चालवणाऱ्यांना साधा एक प्रश्नही विचारायचा नाही, हे आता पुरे झालं. आमच्या इथे काय झालं ते सांगते, मग ठरवा वाचत नाही ते नक्की कोण.

माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. 1972 च्या दुष्काळात बायका खडी फोडायच्या कामावर जायच्या आणि त्यांची तान्ही पोरं तिथेच उन्हात एखाद्या फाटक्या लुगड्याच्या सावलीत पडलेली असायची, ते बघून आईने 'स्त्री' मासिकाला पत्र पाठवलं आणि ते छापून आलं. आईचं आयुष्यभरात छापून आलेलं तेवढंच. घरातला अंक कोणीतरी वाचायला नेला तो परत आलाच नाही, पण आमच्या वाचनालयात त्या वर्षाचा बांधीव खंड होता. लाल कापडाची पुठ्ठाबांधणी, पाठीवर पांढऱ्या शाईने साल घातलेलं, आत वाचनालयाचा गोल शिक्का आणि दाखल क्रमांक. बाइंडरने शिवताना कागद इतका आत घेतला होता की आईच्या पत्राच्या प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर शिवणीत गेलेलं, खंड दोन्ही हातांनी दाबून उघडला तरच दिसायचं. आई होती तोवर आम्ही दोघी कधीमधी जाऊन ते बघून यायचो. आई गेल्यावरही मी जायचे.

यंदा माझ्या भाचीने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी दुष्काळ हा विषय घेतला. तिला सरकारी आकडे नको होते, तेव्हाच्या बायकांनी स्वतः काय लिहिलं ते हवं होतं. एकोणीस वर्षांची मुलगी, दिवसभर हातात मोबाईल असणारी, तुमच्या लेखातली ती बिघडलेली पिढी. तीच म्हणाली मावशी, आजीचं पत्र आहे ना तो पूर्ण खंडच बघू, अजून कोणी काय लिहिलंय ते पण कळेल, मी पानांचे फोटो काढते. आम्ही दोघी गेलो. मागची खोली, जिथे जुनी मासिकं होती, ती रिकामी. कपाटंच नाहीत. तिथे टेबलं, खुर्च्या आणि भिंतीला चार्जिंगचे पॉइंट. ग्रंथपाल मॅडमना विचारलं तर त्या आधी गप्पच बसल्या, मग हळूच म्हणाल्या, ताई ते खंड निर्लेखनात गेले, म्हणजे बाद करून दप्तरातून काढले, कार्यकारी मंडळाचा ठराव आहे. निर्लेखनात गेले म्हणजे कुठे गेले? तर रद्दीवाल्याला, किलोच्या भावाने. 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर', 'सत्यकथा', सगळे. 'सत्यकथा' 1982 साली बंद पडलं, त्याचा नवा अंक आता कोण छापणार आहे?

मंडळातल्या एका पदाधिकाऱ्यांना फोन केला. त्यांचं उत्तर होतं, इतक्या वर्षांत एकानेही ते खंड मागितले नाहीत, रजिस्टर बघा. हे ऐकून मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. अहो, ते खंड घरी देतच नव्हता तुम्ही! संदर्भासाठी म्हणून तिथेच बसून वाचायचे, असा तुमचाच नियम. देवघेवीच्या रजिस्टरात नोंद होते ती घरी नेलेल्या पुस्तकाची. तिथे बसून वाचणाऱ्याची नोंद कोणी केली का? खोलीला कुलूप, किल्ली एकाच माणसाकडे, तो नसला की उद्या या. एवढं करून जे वाचायला यायचे त्यांना कागदावर जागाच नाही आणि मग तोच कागद दाखवून म्हणायचं की मागणी शून्य. तुमच्या लेखातली 'वाचक घटले' ही वाक्यं अशाच रजिस्टरांवरून येतात, हे त्या लेखकांना ठाऊक आहे का? मी आणि आई इतकी वर्षं तिथे जाऊन वाचत होतो, सरकारदरबारी आम्ही वाचक नव्हतोच.

त्या खोलीत आता अभ्यासिका केली आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, हे मुद्दाम लिहिते, नाहीतर उद्या मला पोरांच्या विरोधात उभं करतील. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सातपासून येऊन बसतात, घरी एका खोलीत पाच माणसं, त्यांना जागा मिळायलाच हवी. पण मुलांना टेबल द्यायचं म्हणजे आधीच्या लोकांचं लिहिलेलं फेकायचं, हे कोणी ठरवलं? सभागृह वर्षातून थोडेच दिवस सत्कारांना उघडतं, तिथे टेबलं टाकता आली असती. ते कोणाला सुचलं नाही.

आणि निर्लेखनालाही माझा विरोध नाही. फाटलेलं, वाळवी लागलेलं, दहा वर्षांपूर्वीचं टॅक्सचं गाईड बाद करा, करायलाच पाहिजे, नाहीतर नवीन पुस्तक ठेवणार कुठे. पण यादी करताना कोणीतरी पुस्तकं ओळखणारा माणूस बसवा. शंकर गणेश दाते यांनी 1800 पासून 1950 पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली, केवढं काम आहे ते, त्यामुळे एखादं पुस्तक निदान होतं एवढं तरी कळतं. पण मासिकात पत्र लिहिणाऱ्या बाईचं नाव कुठल्या सूचीत असणार आहे? तिचं लिखाण फक्त त्या पानावर असतं. पान गेलं की ती बाई काही बोलली होती याचाच पुरावा गेला. 1930 साली 'स्त्री' निघालं तेव्हापासून अशा किती जणींनी लिहिलं असेल. मोठ्या लेखकांची पुस्तकं कुठे ना कुठे मिळतील, पुन्हा छापतील. या बायकांचं कोण छापणार?

ग्रंथपाल मॅडमना मी दोष देत नाही. त्यांच्या हातात काय आहे? राज्यात अकरा-बारा हजार सार्वजनिक वाचनालयं, 1967 च्या कायद्याने अ ब क ड असे वर्ग केलेले, त्या वर्गावर अनुदान. सरकारने 2012 नंतर दहा वर्षं थांबून 60 टक्के वाढ दिली तेव्हा ड वर्गाच्या वाचनालयाचे वर्षाचे 30 हजारांचे 48 हजार झाले. महिन्याला 4 हजार. यात माणसाचा पगार, लाईटबिल, पेपर, मासिकं, नवीन पुस्तकं, सगळं भागवायचं. आमचं वाचनालय वरच्या वर्गातलं आहे, पण तिथेही मॅडमना मिळतं ते सांगायला त्या लाजतात. अशा बाईने मंडळापुढे उभं राहून हे खंड विकू नका असं म्हणावं, ही अपेक्षा मी तरी करणार नाही. पण मंडळाकडून करेन. तालुक्यातली प्रतिष्ठित मंडळी आहेत ती, 27 फेब्रुवारीला भाषणं करतात, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचे फोटो तुमच्याच पेपरात छापून येतात. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा याच वाचनालयाच्या दारात पेढे वाटले होते, मी घेतलाय हातात. आणि त्यानंतर वर्षाच्या आत हा ठराव!

चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर आठवतं ना? जुलै 2021 च्या महापुरात पाणी शिरलं, पुस्तकं चिखलात गेली आणि तरी त्या लोकांनी वाचनालय पुन्हा उभं केलं. तिथे पूर आला होता. आमच्याकडे आभाळही भरून आलं नव्हतं, सह्या करून घालवलं सगळं.

माझं मागणं फार मोठं नाही. कुठलंही वाचनालय जुने खंड किंवा पुस्तकं बाद करणार असेल तर त्याची यादी महिनाभर दारावर लावा आणि सभासदांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाका, दिवाळी अंकांच्या जाहिराती टाकताच ना. आधी जिल्ह्याच्या ग्रंथालयाला, मग जवळच्या कॉलेजला, मग सभासदांना विचारा, कोणीच नाही म्हटलं तरच रद्दी. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ पुस्तकं स्कॅन करून लोकांना मोफत वाचायला ठेवलीत, म्हणजे हे काम होतं, आपल्याकडे होतं. आणि बसून वाचणाऱ्यासाठी एक साधी वही ठेवा, नाव, तारीख, काय वाचलं. तेवढ्याने सुद्धा तुमच्या लेखकांचे अंदाज बदलतील.

वाचकांनाही एक विनंती. कोणाकडे 1972 आणि 1973 चे 'स्त्री'चे अंक किंवा खंड असतील तर कृपा करून संपादकांमार्फत कळवा. मला विकत नकोत, फक्त त्या पानाचा फोटो काढून घेईन, आणि भाचीला बाकीच्या बायकांची पत्रंही बघायची आहेत. म्हणाल तिथे आम्ही दोघी येऊ.

आता थोडं तुमच्याबद्दल. वाचनसंस्कृतीवर अर्धं पान लेख छापलात, पण त्याच पुरवणीत पूर्वी पुस्तकांचं अख्खं पान असायचं, त्याचा आता एक कॉलम झाला आहे आणि ज्या रविवारी जाहिरात जास्त असते त्या रविवारी तोही नसतो. त्या पानावरची परीक्षणं कापून मी वाचनालयात नेऊन द्यायचे आणि त्यावरून तिथे पुस्तकं यायची, गावात नवीन पुस्तक आलंय हे कळायचा तोच रस्ता होता. ते पान का बंद केलं, याबद्दल मी आधीही लिहिलं होतं, ना पत्र छापलं ना उत्तर आलं. मोबाईलने वाचन बुडवलं असं छापायच्या आधी याचं उत्तर द्या. आणि हे पत्र कापायचं असेल तर वहीचा मुद्दा आणि अंकांची विनंती तेवढी ठेवा, बाकी काहीही काढलंत तरी चालेल.

आपल्या पेपरची कायमची वर्गणीदार,
एक वाचक