सगळेच एक नंबर कसे?

प्रिय गड्या,

पत्र मिळालं. घरी सगळे मजेत. कपाशीची दुसरी वेचणी उरकली, तूर शेंगांनी लदली आहे आणि बाबांचं भावावरून कुरकुरणं नेहमीसारखंच सुरू आहे. आता थेट तुझ्या दुखण्याकडे येतो, कारण तू चार पानं त्याच्यावरच लिहिली आहेस.

तुझ्या पॉवर बीआयच्या (आकड्यांचे रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या) रिपोर्टात यादीतून एक कृषी केंद्र निवडलं की त्याच्या उधारी-वसुलीचं पर्सेंटाईल, म्हणजे गटातले किती टक्के त्याच्या मागे, ते 100, दुसरं निवडलं की त्याचंही 100. तुझे साहेब म्हणतात सूत्र चुकलं. सूत्र बरोबर आहे रे! नाव निवडताच बाकीची सारी केंद्रं हिशेबाबाहेर जातात. मग शंकरपटात एकच जोडी धावली तर पहिली दुसरी कोण येणार? एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, हेच केलंस तर आणखी गंमत दिसेल. तिथलं क्रमावरून टक्के काढणारं पर्सेंट_रँक हे फंक्शन एकट्याला 0 देतं, कारण मागे कुणीच नाही. त्याचंच भावंड क्यूम_डिस्ट स्वतःलाही मोजतं, म्हणून ते 1 देतं, म्हणजे 100 टक्के. दोन्ही आपापल्या जागी खरी, आणि दोन्ही तुझ्या कामाची नाहीत. तिथे ओळी गाळणारी व्हेअरची अट आधी लागते आणि क्रम नंतर लागतो. म्हणून आतल्या क्वेरीत (प्रश्नात) सगळ्यांचा क्रम लावायचा आणि बाहेरच्या क्वेरीत एकाला उचलायचं.

पॉवर बीआयमध्ये हेच काम ऑल करतं, ते लागलेली अट उठवणारं फंक्शन आहे. क्रम लावणाऱ्या रँकएक्सला केंद्रांची यादी देताना ती ऑलमध्ये गुंडाळ, म्हणजे स्लायसरमध्ये (नाव निवडायच्या त्या यादीत) एकच नाव निवडलं असलं तरी क्रम सगळ्यांत लागेल. ऑलसिलेक्टेडच्या नादी लागू नकोस, ते स्लायसरचं ऐकतं आणि तू पुन्हा शंभरावर येशील. स्लायसर ज्या कॉलमवर आहे तोच कॉलम ऑलमध्ये हवा. स्लायसर नावावर आणि ऑल कोडवर असेल तर नावाची अट तशीच चिकटून राहते. तुझ्याकडे वसुलीचे दिवस, म्हणजे उधारी फिटायला लागलेले दिवस, कमी तितके चांगले, तेव्हा क्रम चढता लाव. समज गटात 21 केंद्रं आहेत आणि तुझं सहावं आलं. त्याच्या मागे 15, त्याला 20 ने भाग, 75 आलं. गटात एकच केंद्र उरलं तर भागायला शून्य येईल, म्हणून साध्या भागाकाराच्या खुणेऐवजी डिव्हाइड हे फंक्शन वापर, ते अशा वेळी जागा रिकामी सोडतं.

इथपर्यंत कुणीही सांगेल. खरी मेख पुढे आहे: कोणती अट उठवायची आणि कोणती ठेवायची. केंद्राची अट उठवायची, हंगामाची ठेवायची, इथवर वाद नाही. पण तालुक्याची? तुझ्या यादीत संत्र्याच्या वरुड-मोर्शीची केंद्रंही आहेत आणि कपाशीच्या दारव्हा-दिग्रसचीही. कोरडवाहू कपाशीवाल्याने जूनमध्ये नेलेल्या बियाण्या-खताची उधारी दिवाळीनंतर कापूस विकला की फिटते. संत्रावाल्याचा मृग बहार तुटतो फेब्रुवारी-मार्चात. दोघांना एकाच रांगेत उभं केलंस तर वरुडचा दुकानदार कायम तळाला दिसेल, आणि त्याने काही वाईट केलेलं नसेल. म्हणून सरसकट ऑल मारू नकोस. पिकाचा पट्टा ही अट शिल्लक राहू दे. जिनिंगवाल्यांचं (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्यांचं) काम करताना मला हेच दिसलं. ऑक्टोबरच्या ओल्या कापसाचा रुई उतारा (कापसातून किती रुई निघते ते) आणि जानेवारीच्या वाळल्या कापसाचा उतारा एकमेकांशी लावून कुणाचं भलं होत नाही. महिना तोच ठेवूनच क्रम लावायचा.

आणखी एक भानगड. ज्या केंद्राची त्या हंगामात विक्रीच नाही त्याची वसुली रिकामी येते, आणि रँकएक्स रिकाम्याला शून्य धरतं. तुझ्याकडे कमी दिवस म्हणजे चांगलं, तेव्हा बंद पडलेली दुकानं थेट पहिल्या नंबरावर बसतील! ती आधी गाळ. आणि वसुलीचे दिवस काढताना बिलांची सरळ सरासरी घेऊ नकोस, रकमेचा भार लाव. पाचशेचं बिल आणि पन्नास हजारांचं बिल सारखं कसं धरायचं?

आता तू शेवटच्या ओळीत सहज विचारलेलं, मला वाटतं तेच सगळ्यात अवघड. प्रत्येक दुकानदाराला त्याचं लॉगिन दिलं आणि त्यात फक्त त्याच्याच ओळी दिसतील असं कुलूप लावलं, तर ऑल काही करू शकत नाही. ते कुलूप फिल्टरसारखं उठत नाही, त्याच्यासाठी बाकीच्या ओळी जणू नाहीतच. तिथे डेटा रिफ्रेश होतानाच, म्हणजे नवा भरला जातानाच, हिशेब करून एक वेगळं टेबल बनव: केंद्र, हंगाम, पट्टा, पर्सेंटाईल, गटातली संख्या, बस. कुलूप त्यालाही लाव. शेजाऱ्याची रक्कम कुठेच जात नाही, फक्त स्वतःची जागा कळते. मात्र गटात तीन-चारच केंद्रं असली तर हेही दाखवू नकोस. आपल्याकडे सगळे एकमेकांना ओळखतात, कोण कुठे आहे ते चहा संपायच्या आत हुडकून काढतील.

दाखवताना नुसता आकडा ठेवू नकोस, त्याच्या शेजारी दिवस आणि गटातली संख्या हवीच. 75 बघून लोकांना दहावीचे टक्के आठवतात. इथल्या एका जिनिंगवाल्या काकांनी मला झापलंच होतं, "पंच्याहत्तर? म्हंजे पंचवीस कुठं गेले बे?" त्यांच्या पोरीने सीईटी दिली होती, मग तिच्याच पर्सेंटाईलवरून समजावलं. ऐकून म्हणाले, "मंग माह्या मागं किती जन हायेत तेवढंच लिव्ह नं." आता तिथे मोठ्या अक्षरात "21 पैकी 15 तुमच्या मागे" येतं आणि पर्सेंटाईल खाली बारीक. तूही तसंच कर, साहेबांना पटलं नाही तरी.

टेबलांची आणि कॉलमांची नावं लिहून पाठव, म्हणजे मेजर (पॉवर बीआयमधलं हिशेबाचं सूत्र) इथेच लिहून देतो. बंद केंद्रांची यादी मात्र तुझ्या वसुलीवाल्या पोराकडूनच घे. ऑफिसातल्या यादीत अर्धी बंद दुकानं अजून चालू दाखवत असतील. संक्रांतीला येणार असशील तर आधी कळव, हिंगणघाटला गाडी घेऊन येतो.

तुझाच,
मी