लहान मापाचे जॅकेट

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सुट्ट्या तोंडावर आल्या की वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांमधून सहलींचे आराखडे येऊ लागतात. ‘तीन दिवस शहर, दोन दिवस तळे’ हा त्यांतला एक लाडका नमुना. असाच एक आराखडा कापून ठेवून आम्ही उभयता आमच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन नुकतेच जाऊन आलो. आराखड्यात चूक अशी काही नव्हती. अंतरे बरोबर होती, वेळा बरोबर होत्या आणि ‘सहकुटुंब आनंद लुटा’ असेही शेवटी लिहिलेले होते. त्या कुटुंबात कोणी साडेतीन वर्षांचे असू शकते, एवढेच लिहिणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे. खरे सांगायचे तर निघेपर्यंत ते आमच्याही पुरते ध्यानात आलेले नव्हते.

आधी तळ्याविषयी लिहितो, कारण तिथली गोष्ट अधिक गंभीर आहे. नौकाविहाराच्या धक्क्यावर रांगेतल्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट दिले जात होते, ही चांगलीच गोष्ट. मात्र मुलीच्या वाट्याला आले ते मोठ्या माणसाचे जॅकेट, तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबणारे. लहान मापाचे आहे का, असे विचारल्यावर तिथल्या माणसाने बंद आवळले, उरलेला पट्टा तिच्या पाठीमागून दोनदा फिरवून गाठ मारली आणि ‘आता बसतंय बघा’ असे सांगून तो पुढच्या माणसाकडे वळला. मी जॅकेटचे दोन्ही खांदे धरून सहज वर उचलून पाहिले. जॅकेट वर आले, मुलगी जागच्या जागी राहिली. तिची हनुवटी, मग नाक, मग डोळे त्या नारिंगी कापडात बुडाले आणि आतून ‘बाबा, मी कुठाय?’ असा आवाज आला. मागचे लोक हसले, मीही हसलो, आणि दुसऱ्याच क्षणी माझे हसू विरले. धक्क्यावर जे झाले तेच पाण्यात होणार होते. मापाबाहेरचे जॅकेट तरंगत राहते आणि मूल त्यातून खाली निसटते. आम्ही नावेत बसलो नाही. रांगेचा खोळंबा केल्याबद्दल दोन शब्द ऐकून घेतले आणि काठावर येऊन बसलो.

मुलांचे जॅकेट म्हणजे मोठ्यांचेच जॅकेट आखूड केलेले, असा समज दिसतो. वास्तविक ते मुलाच्या वजनाप्रमाणे निवडायचे असते. अगदी लहान मुलांसाठीच्या चांगल्या जॅकेटला मान आणि डोके सावरणारी गादी असते, जॅकेट वर सरकू नये म्हणून दोन पायांमधून घ्यायचा पट्टा असतो आणि मूल पाण्यात पडलेच तर एका हाताने धरून वर ओढता यावे म्हणून मानेमागे पकड असते. यांतले काहीच नसेल, तर निदान खांदे उचलून पाहण्याची ती साधी चाचणी प्रत्येक आईवडिलांनी करावी. जॅकेट कानांपर्यंत येत असेल, तर ते त्या मुलाचे नव्हे. दंडात अडकवायचे फुगे आणि हवेच्या रिंगा यांना सुरक्षेची साधने समजणे तर सरळ धोक्याचे आहे. ती खेळणी आहेत, आणि त्यांच्यामुळे मुलापेक्षा आपणच अधिक निर्धास्त होतो.

समुद्राला लाटा असतात, त्यामुळे तिथे माणूस आपोआप सावध राहतो. तळे निवांत दिसते आणि त्या निवांतपणामुळे आपली नजर सैलावते. तळ्याचा तळ काही पावलांनंतर एकदम खचलेला असू शकतो, काठाचे दगड शेवाळाने निसरडे झालेले असतात आणि गोड्या पाण्याची घनता समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा कमी असल्याने त्यात शरीर तुलनेने कमी तरंगते. उन्हाने तापतो तो वरचा थर. खोल तळ्यात त्याच्या खालचे पाणी चांगलेच गार असू शकते. लहान मुलाच्या शरीराचा आकार लहान, पण वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे ते मोठ्यांपेक्षा लवकर गारठते. ओठ निळसर दिसू लागले की मुलाची कितीही रडारड झाली तरी त्याला बाहेर काढून कोरडे करावे. पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय धरलेली दिसली, तर त्यात मुलाला उतरवूच नये. ती विषारी द्रव्ये तयार करणाऱ्या निळ्या-हिरव्या जीवाणूंची असू शकते आणि लहान मुले खेळताना पाणी हमखास गिळतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या घटना रोखण्यासाठीचा जागतिक दिन म्हणून जाहीर केला. तरीही बुडणारे माणूस हात उंचावून ‘वाचवा’ म्हणून ओरडते, ही पडद्यावर पाहिलेली कल्पना आपल्या मनातून जात नाही. प्रत्यक्षात लहान मूल बहुतेक वेळा आवाज न करता बुडते. श्वास घेण्याचीच मारामार असताना ओरडायला हवा उरत नाही. चिमुकल्यांचे डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे वाकून पाण्यात हात घालणारे मूल तोल जाऊन पुढच्या पुढे कलंडते, आणि मग घोट्याएवढे पाणीही पुरे पडते.

आमच्या बाबतीत धोका आला तो याच रीतीने, आणि त्याचा दोष मी कोणालाही देऊ शकत नाही. नावेचा बेत रद्द झाल्यावर मुलगी काठाशी पाने सोडत बसली होती. मला वाटत होते की पत्नी पाहते आहे, पत्नीला वाटत होते की मी पाहतो आहे. मी परतीच्या गाडीची वेळ फोनवर शोधत होतो आणि ती पिशवीतून मुलीचे कोरडे कपडे काढत होती. मान वर केली तेव्हा मुलगी दोन पायऱ्या खाली, मांडीभर पाण्यात, लांब गेलेल्या पानाकडे हात पुढे करून उभी होती. काही झाले नाही. पण त्यानंतर आम्ही एक नियम केला आणि तो शब्दशः पाळला. पाण्याजवळ असताना लक्ष ठेवणारा एकच, त्याचा हात मुलीपर्यंत पोहोचेल इतक्या अंतरावर, त्याचा फोन दुसऱ्याच्या खिशात, आणि पाळी बदलताना ‘आता तू’ असे मोठ्याने म्हणायचे. दुसऱ्याने ‘हो, मी’ असे म्हटल्याशिवाय पहिल्याने नजर हटवायची नाही. आजूबाजूच्यांना हे कवायतीसारखे वाटले असेल.

शहरातल्या तीन दिवसांत जिवाचा धोका नव्हता, पण चूक त्याच जातीची होती. आराखड्यात एका दिवसाला पाच ठिकाणे होती. दोन ठिकाणे झाली की मुलीचे पाय दुखू लागत, मग बाबागाडी, मग बाबागाडीतच अर्धवट झोप, आणि संध्याकाळी जे व्हायचे ते व्हायचे. एक ते चार वर्षांच्या मुलांना एका वेळी तासाभरापेक्षा जास्त काळ बाबागाडीत किंवा तत्सम आसनात अडकवून ठेवू नये आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत १० ते १३ तास झोप मिळावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. आमच्या सहलीत या दोन्ही गोष्टी दुपारी बारापर्यंतच मोडीत निघत. वस्तुसंग्रहालयातील काचेची कपाटे मोठ्यांच्या नजरेच्या उंचीवर होती. मुलीला त्यांच्या खालच्या लाकडी फळ्या तेवढ्या दिसत होत्या, आणि ती कंटाळली म्हणून आम्ही तिलाच रागावलो. तिसऱ्या दिवशी एकच ठिकाण ठरवले, दुपारी मुक्कामी परतून तिला झोपू दिले, तेव्हा सहलीला जरा बरे दिवस आले. स्वच्छतागृहांविषयी लिहायला बसलो तर वेगळे पत्र होईल. लहान मुलीला घेऊन निघालेल्या बापाने कोणत्या दारातून आत जावे आणि लंगोट बदलायची फळी बहुधा स्त्रियांच्याच बाजूला का असते, एवढे दोन प्रश्न इथे नोंदवून ठेवतो.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील ३१ व्या कलमात विश्रांती, फुरसत आणि खेळ हे मुलाचे हक्क मानले आहेत. आपल्या पुरवणीने या कलमावर लेख छापावा, अशी माझी अपेक्षा नाही. मात्र सहलीचा आराखडा छापताना अंतर आणि प्रवेशाच्या वेळांसोबत आणखी चार-पाच गोष्टी सहज देता येतील: लहान मापाची जॅकेटे मिळतात का, काठाला कठडा आहे का, जीवरक्षक कोणत्या वेळेत असतो, बाबागाडी चढवायला उतार आहे का, दुपारी मुलाला घेऊन टेकायला सावलीची जागा आहे का. वार्ताहराने हे प्रश्न विचारले, तर नौका चालवणाऱ्यांनाही त्यांची उत्तरे तयार ठेवावी लागतील. एकट्यादुकट्या बापाने विचारले तर काय होते, ते मी परवाच अनुभवले. पुढच्या सुट्टीसाठी दुसऱ्या एका तळ्यावरच्या नौका केंद्रात फोन करून ‘चौदा किलोच्या मुलीला बसेल असे जॅकेट आहे का’ असे विचारले. पलीकडून उत्तर आले, ‘वजन कशाला साहेब, आमच्याकडे सगळ्यांना एकच साइज आहे. तुम्ही या तर खरं.’

आपला विश्वासू,
एक वाचक