पाऊस आला तरी धडा कोरड्याचाच

प्रति,
व्यवस्थापक,
मोटरसायकल प्रशिक्षण विभाग

विषय : रविवारच्या नवशिक्यांच्या बॅचमध्ये झालेली दुखापत, फी आणि उपचारांच्या खर्चाबाबत

महोदय,

पाऊस पडला याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मी पुण्यात राहते आणि सिंहगड रोडवरून कामाला जाते. स्कूटर पंधरा वर्षं चालवते आहे, गिअरची गाडी मात्र पहिल्यांदाच हातात घेतली. ती पावसाळ्यातही नीट चालवता यावी म्हणूनच तुमच्याकडे साडेसहा हजार भरले. पाऊस सुरू झाल्यावरही तुम्ही आम्हाला कोरड्या ट्रॅकचाच धडा देत राहिलात, तक्रार त्याची आहे.

साडेनऊच्या सुमारास मृगाची पहिली सर आली. उन्हाळाभर साचलेली धूळ, सांडलेलं ऑइल आणि टायरचं रबर पाण्यात कालवलं जातं तेव्हा ट्रॅक सगळ्यात जास्त निसरडा होतो. चांगला पाऊस पडून गेला की तो बराच धुऊन निघतो. म्हणजे अर्धा तास चहा पीत थांबलो असतो तरी फरक पडला असता. पण वेळापत्रकात ताशी 40 किलोमीटर वेगात तातडीचा ब्रेक मारण्याचा सराव होता, आणि प्रशिक्षकांनी छत्रीखाली उभं राहून तोच चालू ठेवला. थांबायची जागा जाड पांढऱ्या पट्ट्याने रंगवली होती. ओल्या रंगावर टायरची पकड डांबरापेक्षा कितीतरी कमी असते, हे शिकवणाऱ्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

माझ्या आधी कॉलेजात जाणारा एक मुलगा त्याच पट्ट्यावर पडला. त्याची गाडी उचलून बाजूला लावली आणि लगेच पुढच्याला बोलावलं. तिथेच सराव थांबवायला हवा होता.

त्याच्यानंतर तिसरी मी. "पुढचा ब्रेक पूर्ण दाबा" असं सकाळी कोरड्यात सांगितलं होतं, तसाच मी दाबला. पुढचं चाक जाम झालं आणि काही कळायच्या आत मी खाली होते. गाडी 2015 ची, तिला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. मागच्या टायरची नक्षी मधोमध गुळगुळीत झालेली. फोटो सोबत जोडला आहे. डाव्या मनगटाचं हाड मोडलं असून सहा आठवडे प्लास्टर आहे.

ओल्यात ब्रेकचा लिव्हर आधी हलका घ्यायचा, पुढचा शॉकअप दबून वजन चाकावर आलं की मग जोर वाढवायचा, हे आमच्या गॅरेजवाल्या काकांनी मला नंतर पाच मिनिटांत समजावलं. सुरुवात 20 च्या वेगाने करायची, कारण वेग निम्मा केला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौथ्या हिश्शावर येतं, हेही त्यांनीच सांगितलं. फी मात्र मी तुम्हाला दिली होती.

मला उठवताना प्रशिक्षक म्हणाले, "मॅडम, घाबरलात म्हणून पडलात." हे वाक्य मला मनगटापेक्षा जास्त लागलं. मी घाबरले नव्हते. शिकवलं होतं तेच मी केलं.

पूर्ण फी आणि उपचारांचे 18,400 रुपये पंधरा दिवसांत परत करावेत. पावसातल्या बॅचसाठी वेगळा सराव आणि एबीएस असलेल्या गाड्या ठेवणार का, तेही कळवावं. सुरुवातीला सही करून घेतलेला जबाबदारी नाकारणारा फॉर्म पुढे करू नये. घासलेल्या टायरला मी संमती दिलेली नाही. उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

आणि त्या मुलाच्या पडण्याची नोंद तुमच्या रजिस्टरमध्ये केली आहे का, तेही लेखी सांगावं.

आपली,
रविवारच्या बॅचमधील प्रशिक्षणार्थी

सोबत : फीची पावती, एक्स-रे, औषधांची बिलं, टायरचा फोटो